पालथा चंद्र

पाचूबंदरला येऊन कुणी जेम्सचं घर विचारलं तर उलट प्रश्न यायचा, "कुठला जेम्स?" बंदरावर जेम्स पुष्कळ. पण "चंद्रवाला" म्हटलं की शेंबडं पोरही हात करून दाखवायचं. हात केलेल्या दिशेने गेलं की मासळी सुकवायचं एक खळं लागायचं. खळ्यात बांबूंच्या वलांड्या, त्यांच्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडी-जोडीने लटकवलेले बोंबील. त्या बोंबलांच्या मधोमध, शेणाने सारवलेल्या चौकोनात, पांढरी पाइप आभाळाकडे तोंड करून उभी असायची. तीच जेम्सची दुर्बीण. मांजरांचा मात्र शेवटपर्यंत गैरसमज होता. एवढी जपतात म्हणजे पाइपमध्ये नक्की सुरमई असणार, असं धरून ती रोज तिच्याभोवती फेऱ्या मारत.

जेम्स होड्या रंगवायचा. समुद्रावर जायचा नाही, लहानपणापासून त्याला पाणी लागायचं, होडी हलली की ओकायचा. कोळ्याच्या पोटी जन्मून पाणी लागणं म्हणजे हलवायाला साखर न चालण्यातला प्रकार. बंदराने त्याला त्याबद्दल जन्मभर चिडवलं. पण हात असा, की त्याने होडीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या नाकावर, मारियामाता काढली की बायका तिच्याकडे बघून क्रूस करायच्या. मातेच्या पायाखाली चंद्रकोर काढायची रीत. तिच्यासाठी जेम्सकडे पत्र्याचा कापलेला साचा होता. साचा लावला, वरून ब्रश फिरवला, झाली कोर. दोन्ही टोकं वर, होडीसारखी.

दुर्बिणीचं वेड त्याला लावलं जयवंतने. जयवंत कोकणातला, मुंबईत कारकून, तुळिंजला फ्लॅट घेतलेला. रविवारी ताजी मासळी घ्यायला बंदरावर यायचा. मासळी घेता घेता जेम्सच्या ब्रशाकडे बघत उभा राहायचा, आणि इकडे पिशवीतल्या बर्फाचं पाणी होऊन त्याच्या विजारीवर ठिबकायचं. एकदा म्हणाला, "हा हात चंद्राला लावून बघ." जेम्सला वाटलं गिऱ्हाइकाचं डोकं फिरलंय. पण पुढच्या रविवारी जयवंत स्वतः काढलेली चंद्राची चित्रं घेऊन आला. त्यातले डोंगर आणि खड्डे पाहून जेम्सच्या हातातला ब्रश रंगाच्या डब्यात नव्हे, चहात बुडाला.

मग काय विचारता! दुर्बिणीच्या आरशासाठी मोडीत निघालेल्या जहाजाच्या खिडकीची जाड काच आणली. पाण्याने भरलेल्या पिंपावर ठेवून, पूड टाकून, पिंपाभोवती फिरत फिरत ती घासायची. संध्याकाळ झाली की जेम्स पिंपाभोवती फिरायला लागायचा. शेजारच्या कॅथरिन मावशीने शेवटी त्याचा थोरला भाऊ फ्रान्सिस याला बाजूला घेतलं. "फ्रान्सिस, लगीन कर त्याचं. मानूस असा पिंपाला प्रदक्षिना घालाया लागला म्हंजे लक्षन ठीक नाय." लग्न काही झालं नाही, पण आरसा झाला. जयवंतने त्याला मुंबईहून चकाकी चढवून आणली. तुळिंजला कुठल्याशा इमारतीच्या कामावर उरलेली पाइप मिळाली. दुर्बीण उभी राहिली.

त्र्याण्णवचं साल, दिवस वाईट. किनाऱ्यावर कोण काय उतरवतंय यावर पोलिसांची नजर. आणि ह्याच्या खळ्यात समुद्राकडे तोंड केलेली पाइप! कुणीतरी चुगली केली. हवालदार आला. "तोफ कुनाची?" म्हणाला. जेम्सने त्याला स्टुलावर बसवलं, डोळा लावायला सांगितलं. हवालदाराने चंद्र पाहिला. बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा टोपी काढून काखेत धरलेली. जाताना एवढंच म्हणाला, "समुद्राकडं नका करू, वरच राहू द्या." पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन आला. कॅथरिन मावशीला शनी दाखवला तर म्हणाली, "कोनीतरी टोपी घातली त्याला. थंडी असंल वर."

पण बघण्यापेक्षा जेम्सला सुख होतं काढण्यात. जयवंतने त्याला एकच नियम शिकवला होता. "जे दिसतं तेवढंच काढायचं. जे आपल्याला माहीत आहे ते काढायचं नाही." मऊ पेन्सिल, जाड कागद, सावली पसरायला बोट, उजेड काढायला खोडरबराचा कोपरा. चंद्रावर उजेड आणि काळोखाची जी सीमा असते तिच्यावर खरी गंमत. काळोखाच्या बाजूला, सगळं काळं असताना, मधेच एक ठिपका पेटतो. तो डोंगराचा माथा. खालचा डोंगर अजून अंधारात असतो, पण त्याच्या टोकाला उजेड लागलेला असतो. ते कागदावर उतरवेपर्यंत शेजारी दुसरा पेटतो. जेम्स म्हणायचा, होडी रंगवताना होडी हलत नाही, इथे आपण काढतोय तोवर देव तिकडे पुढचं काढतोय.

अशा वेळी बत्ती धरायला फ्रान्सिस असायचा. फ्रान्सिस तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आवाज असा की दोन होड्यांपलीकडचा खलाशी दचकावा. तो माणूस डोळे दिपू नयेत म्हणून बॅटरीवर लाल फडकं गुंडाळून भावाच्या कागदावर उजेड पाडत गपचूप उभा राहायचा. मधूनच जेम्स त्याला दुर्बिणीपाशी बोलवायचा. फ्रान्सिस एक डोळा मिटून बघायचा आणि दबक्या आवाजात म्हणायचा, "जेम्स, आनखी एक पेटला रे! डावीकडं! लवकर काढ!" आळीत कुणी अंगणातला दिवा लावला तर ओरडायचा, "दिवे घालवा गो! आमचा जेम्स चंद्र काढतोय!" बायका कुरकुरत दिवे घालवायच्या. फ्रान्सिसची बायको लुईझा म्हणायची, "चंद्र बघाया काळोख पाहिजे, मंग चंद्राचा उपयोग काय?" आणि तरी पहिला दिवा तीच घालवायची.

हे दिवस चार-पाच वर्षं चालले. जेम्सला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, जन्मभर चालतील.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात फ्रान्सिसची नवी होडी किनाऱ्यावर उभी राहिली. जुनी होडी बापाची होती. ही त्याची स्वतःची. नाव ठरलं 'मारियाकृपा'. रंगवणार कोण, हे विचारायची गरजच नव्हती. पण जेम्सने ठरवलं, भावाच्या होडीवर पत्र्याचा चंद्र नाही लावायचा. ज्या चंद्रासाठी भावाने बत्ती धरली तो खरा चंद्र लावायचा, खड्ड्यांसकट, पेटलेल्या माथ्यांसकट. नाळेवर ताडपत्री टाकली आणि आत बसून तो एकटा रंगवू लागला. कुणी डोकावलं तर ब्रश उगारायचा.

आता ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण हिच्यातूनच. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. तिन्हीसांजेला पश्चिमेला कोर असते ती टोकं वर करून, होडीसारखी. दुर्बिणीत तीच दिसते टोकं खाली करून. जेम्सला हे ठाऊक होतं, जयवंतने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. त्याने आधी एका फळीवर दोन्ही तऱ्हा रंगवून पाहिल्या. टोकं वर केली की उजेड खालून आल्यासारखा होई. आणि खालून उजेड आला की खड्डे खड्डे दिसेनात, ते फुगून वर येत. मारियामातेच्या पायाखाली गळवंच गळवं! टोकं खाली ठेवली, म्हणजे दुर्बिणीत दिसतो तसाच काढला, की उजेड वरून पडे आणि प्रत्येक खड्डा खोल दिसे, हात घालावा असा. शिवाय माता त्या कमानीच्या पाठीवर कशी ऐटीत उभी राहिली! जेम्स खूश झाला. त्याच्या डोळ्यांत खड्डे इतके भरले होते, की कोरीचा आकार त्याला दिसलाच नाही.

होडीला आशीर्वाद द्यायला फादर आले. बँड आला, शेवबुंदीची ताटं आली, आळीतली झाडून सगळी माणसं वाळूवर जमली. फ्रान्सिसने नव्या सदऱ्याच्या बाह्या वर करून ताडपत्री ओढली.

निळ्या झग्यातली माता, आणि तिच्या पायाखाली असा चंद्र, की मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यांवरून माना काढून बघू लागले. मग एकदम गलका झाला. "काय हात हाय!" "खरा वाटतो!" फ्रान्सिसचे डोळे भरले, त्याने भावाच्या पाठीवर अशी थाप मारली की जेम्सला खोकला आला. फादरांनी पवित्र पाणी शिंपडायला हात उचलला.

कॅथरिन मावशी पुढे झाली. तिचे डोळे अधू, म्हणून नाळेला नाक लावून बघत होती.

"काय गो मावशी, आवडली का माता?" जेम्सने विचारलं.

"माता आवडली. पन हिच्या पायाखाली हे काय केलंस?"

"चंद्र."

"चंद्राचं तोंड वर असतं रं. हे खाली केलंस." मावशी मागे सरकली आणि तिचा हात कपाळाकडे गेला. "जेम्स, ही पालथी होडी हाय."

बँडवाल्याने वाजवणं थांबवलं. बंदरावर हा शब्द कुणी तोंडाने काढत नाही. होडी डागडुजीला उलटी घातली तरी 'झोपवली' म्हणतात. आणि इथे, पाण्यात न गेलेल्या नव्या होडीच्या कपाळावर... एकदा शब्द निघाला तसा तो सगळ्यांना दिसायला लागला. खड्डे गेले, पेटलेले माथे गेले, उरली ती नुसती पालथी होडी.

फादर हसून म्हणाले, "अहो, चंद्र तो चंद्र. देवाला दोन्ही बाजू सारख्याच." पण फादर काही त्या होडीतून समुद्रावर जाणार नव्हते.

फ्रान्सिस हळू म्हणाला, "जेम्स, सांजपर्यंत सरळ कर."

तिथेच जेम्स 'बरं' म्हणता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो समजावायला लागला. "दादा, सरळ केला की खड्डे फुगतात. गळवांसारखे दिसतात."

"चंद्राला गळू!" मागून कुणीतरी ओरडला आणि सगळी वाळू हसली. हसण्यात भीती मिसळली की ते हसणं फार वाईट असतं. फ्रान्सिसचा चेहरा तांबडा झाला.

"तुझ्या खड्ड्यांपायी माझी मानसं पान्यात घालू?"

"दादा, असाच दिसतो तो. तू पाहिलायस. बत्ती धरून तूच उभा होतास. 'आनखी एक पेटला' कोन म्हनायचं?"

सगळ्यांनी फ्रान्सिसकडे पाहिलं. तांडेल माणूस, नवी होडी, बाजूला त्याचे खलाशी. त्याने एकदा खलाशांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी म्हनायचो तुझं मन राखाया. मला त्या नळकांड्यात कधी काय दिसलं नाय."

जेम्सने ब्रशाचा डबा उचलला आणि तो घरी निघून गेला. मागे फ्रान्सिसने होडीच्या बुडाला लावायचं डांबर मागवलं आणि दोन हात मारून चंद्र पुसून टाकला. 'मारियाकृपा' पाण्यात गेली ती तशीच. वर हसरी माता, आणि तिच्या पायाखाली डांबराचा काळा पट्टा.

होडीला मासळी मात्र धो धो मिळाली. बोंबलांचे ढीग खळ्यात मावेनात. संध्याकाळी होडी लागली की मजुरीच्या बायका लावून लुईझा बोंबील अडकवून घेऊ लागली. अंधार पडला तरी काम सरेना. मग एक दिवस खळ्याच्या मधोमध बांबू उभा राहिला आणि बांबूवर हॅलोजनचा दिवा. असा पांढरा, की खालच्या मुंगीची सावली पडावी. जेम्स दुर्बिणीजवळ उभा होता. दिवा लागला आणि आभाळ गेलं. नाही म्हणायला चंद्र होता, कागदाच्या तुकड्यासारखा. काळोखातले माथे, शनीची टोपी, सगळं धुऊन निघालं.

दिवा कामासाठी लावला की रागापायी, हे लुईझालाही नीट सांगता आलं नसतं. बहुतेक दोन्ही. जेम्सने दुर्बीण ओढत घरामागे नेली, तिथे संडासाची भिंत. छपरावर नेली, तिथेही दिव्याचा झोत. भाऊ भावाशी बोलत नव्हता. एकाच खळ्यात दोन दारं, दोन चुली, आणि मधे तो दिवा.

या काळात जेम्सला एकाच गोष्टीचा आधार होता. त्याने ती मनाशी पुष्कळदा घोळवली होती. दादाला खरंच काही दिसत नसेल. ज्याला डोळा लावता येत नाही त्याला नुसता पांढरा गोळा दिसतो, हे जेम्सला माहीत होतं. म्हणजे एवढा दांडगा माणूस, दिवसभर दोर ओढून आलेला, काही दिसत नसताना नुसता भावासाठी बत्ती धरून उभा राहायचा, 'आनखी एक पेटला' असं खोटं म्हणायचा. खोटं म्हणायचा म्हणजे केवढी माया! असा विचार केला की डांबराचा राग ओसरायचा. तीन वर्षं जेम्स असा स्वतःची समजूत घालत जगला, आणि समजूत इतकी पक्की झाली की शेवटी त्यालाच लाज वाटू लागली. आपण भावाला चारचौघांत खिंडीत धरलं, त्याने बिचाऱ्याने खरं ते सांगितलं.

दोन हजार सालच्या पावसाळ्यात होड्या वर ओढल्या होत्या. उघडीप बघून जेम्स डबा घेऊन 'मारियाकृपा'पाशी गेला. डांबर खरवडलं. पत्र्याचा जुना साचा आणला होता, गंजलेला. तो लावला, ब्रश फिरवला. टोकं वर, एकही खड्डा नाही, पिवळीधमक कोर. होडीवरच्या पोरांनी जाऊन सांगितलं असावं, कारण फ्रान्सिस छत्री न घेताच आला. कोरीकडे बघत राहिला.

"आता कसा सरळ झाला," तो म्हणाला. तीन वर्षांत भावाशी बोललेला पहिला शब्द.

"माझंच चुकलं, दादा," जेम्स म्हणाला. "तुला दिसत नव्हतं ते मी समजाया पाहिजे होतं. दिसत नसताना बत्ती धरलीस, हेच खूप."

फ्रान्सिस साधा माणूस. भावाने नमतं घेतलं तसा तोही विरघळला. त्याला वाटलं आपणही मन मोकळं करावं.

"दिसायचं रे," तो म्हणाला. "चांगलं दिसायचं. तो ठिपका पेटायचा ना, तवा अंगावर काटा यायचा. पन त्या दिवशी एवढी मानसं बघत व्हती. काय बोलनार?"

असं म्हणून त्याने जेम्सच्या पाठीवर पूर्वीसारखी थाप मारली. जेम्सला खोकला आला नाही. त्याने साचा उचलला, फडक्याने पुसला. फ्रान्सिसला वाटलं, मिटलं. मोठ्या मनाने म्हणाला, "घरी चल. लुईझाला सांगतो. दिवा नको असंल तवा तू घालवत जा. बटन तुझ्या दाराजवळ घेतो."

आणि खरंच घेतलं. हंगाम सुरू झाला. एका संध्याकाळी नवी कोर आली, जेम्सने दुर्बीण पुन्हा चौकोनात आणून ठेवली आणि बटण दाबलं. खळं काळं झालं. त्याबरोबर मजुरीच्या बायका ओरडल्या. "आय माझे, काटा घुसला!" "कोन गो दिवा घालवतंय?" "घरी पोरं उपाशी हायेत, लवकर लावा!" पाटी कलंडली, बोंबील मातीत गेले. लुईझा अंधारातच खाली बसून चाचपडत बोंबील वेचू लागली. फ्रान्सिसही दारात होता. एके काळी सगळ्या आळीला दिवे घालवायला लावणारा आवाज त्याच्याच गळ्यात होता. तो म्हणाला, "जेम्स, जरा बघ रे, बाया खोळंबल्यात."

बटण जेम्सनेच पुन्हा दाबलं.

बटण पुढेही त्याच्याच दाराजवळ राहिलं. संध्याकाळ झाली की लुईझा आतून हाक मारायची, "भावजी, दिवा लावा हो!" आणि जेम्स लावायचा. दुर्बिणीचा आरसा खाऱ्या हवेने खाल्ला, देवीचे व्रण पडल्यासारखा झाला. पाइप आडवी झाली. तिच्यावर बायका रिकाम्या पाट्या उपड्या घालू लागल्या. मांजरांना एकदाची आत शिरायला मिळाली आणि सुरमई नाही हे कळून ती निघून गेली. होड्यांची कामं मात्र वाढली. अर्नाळ्यापर्यंतचे लोक बोलवायचे. साचा लावायचा, ब्रश फिरवायचा. सगळ्या होड्यांवर एकच चंद्र, टोकं वर. गिऱ्हाईक खूश.

जयवंतची बदली झाली होती. तो बऱ्याच वर्षांनी मासळी घ्यायला आला. केस पांढरे, पिशवी तशीच ठिबकणारी. बाकी सगळं विचारून झालं. मग म्हणाला, "आणि हल्ली काय दिसतं?"

"दिवा," जेम्स म्हणाला.

जयवंतला वाटलं थट्टा. "काढतोस की नाही?"

जेम्स आत जाऊन एक कागद घेऊन आला. हात अजून तोच होता. सगळा कागद पेन्सिलने काळा केलेला, मधे खोडरबराने काढलेला पांढरा झोत, इतका झगझगीत की जयवंतने डोळे बारीक केले. झोताच्या कडेला वलांडीच्या दोऱ्या, आणि जबड्यात जबडा अडकवलेल्या बोंबलांच्या लांबच लांब सावल्या. आभाळाच्या जागी काही नव्हतं. जे दिसतं तेवढंच काढलेलं.

जयवंत हसायला गेला, पण राहिला. कागद त्याने हातात फिरवला, एकदा असा, एकदा तसा. बोंबील लटकताहेत की उभे आहेत, ते त्याला कळेना.

"हे सरळ कुठून धरायचं?"

खळ्यातून हाक आली, "भावजी, दिवा!" जेम्स उठला.

"आता कसंही धर," तो म्हणाला आणि बटणाकडे गेला.